भिंतीवरचा पाना

साळवी सरांवर मी लिहावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. सरांनी आयुष्यभर शिकवलं. त्यांचे विद्यार्थी चांगल्या चांगल्या कंपन्यांत आहेत, काही परदेशात आहेत, त्यांतल्या कुणीतरी हे लिहायला हवं होतं. आमच्या घरात आजवर लिहिण्याचं काम म्हणजे सही करणं, आणि वडील तीसुद्धा कागद खालीवर निरखून मगच करतात. कॉलेजात गेलेला घरातला पहिला मी. तेव्हा कुठे चुकलो, कुठे आगाऊपणा झाला, तर सांभाळून घ्यावं. सरांनी हे वाचलं तर ते बहुतेक दोन-तीन वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढतील आणि म्हणतील, "इथे जागा सोडली नाहीस."

आम्ही परभणीकडून आलो ते आधी काळेवाडीत राहिलो. वडिलांना भोसरीच्या एका फाउंड्रीत कायमचं काम मिळाल्यावर पिंपळे गुरवला सरांच्या वरच्या खोलीत भाड्याने आलो. खोली एकच होती, पण मागे गॅलरी होती. माझा अभ्यास, जेवण, फोन सगळं त्या गॅलरीत चालायचं. तिथून खाली सरांचं घर आणि त्यांच्या थोरल्या भावाचं, अण्णांचं घर, आणि दोघांच्या मधला सामाईक बोळ दिसायचा. बोळाच्या शेवटी सरांची पत्र्याची शेड होती. शेडला लागून छातीएवढी भिंत, भिंतीपलीकडे अण्णांचं मागचं अंगण आणि धुण्याचा दगड. अण्णा आणि काकू वरच्या मजल्यावर राहायचे, खाली भाडेकरू. त्यांचा लोखंडी जिना बोळातच उतरायचा.

शेडमध्ये ती गाडी होती. विलायती, दोन माणसांची, वरून उघडी, गडद हिरवी, आणि इतकी बुटकी की शेजारी उभं राहिलं तर आपल्या कमरेलाही यायची नाही. तिच्या कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण मी ते नेहमी चुकीचं उच्चारायचो आणि सर दर वेळी सुधारायचे. गल्लीत तिला सगळे 'चप्पल' म्हणत. पोरं ओरडायची, "सर, आज चप्पल घातली का?"

"घातली की," सर म्हणायचे.

"कुठवर?"

"आज जरा लांब."

सरांचा रविवार ठरलेला होता. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट खोचून, पायात बूट घालून ते शेडमध्ये यायचे. सगळं गावाला निघाल्यासारखं. काच पुसायची, आरसा सरळ करायचा, मग आत बसून चोक ओढायचा. इंजिन आधी खोकायचं, मग एकदम लागायचं, आणि आमच्या गॅलरीतल्या बादलीतलं पाणी थरथरायचं. सर एकदा हॉर्न द्यायचे, गिअर टाकायचे, आणि गाडी बोळात यायची. जिन्याच्या शेवटच्या पायरीला नाक लागेल इतकी पुढे आली की थांबायची. तिथून पुढे वाट नव्हती. जिन्याने बोळाची एवढी जागा घेतली होती की स्कूटर निघायची, ही गाडी निघत नव्हती. मग सर मागे वळून बघायचे, पुन्हा हॉर्न, आणि गाडी उलटी शेडमध्ये. मन भरेपर्यंत हेच, पुढे आणि मागे.

आम्ही नवीन असताना वडील गॅलरीतून हे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "मालकाची ही गाडी हाय का म्हैस? दाव्याला बांधूनच फिरवायलेत."

आई म्हणाली, "हळू बोला, मालक हायेत."

"मी कुठं काय म्हणलो? पण भाईर कामून काढत न्हाईत?"

ते मलाही समजत नव्हतं. मी त्याच वर्षी सरांच्याच कॉलेजात प्रवेश घेतला होता, त्यामुळे विचारायची भीती जास्तच वाटायची. एकदा धीर करून वेगळंच विचारलं, की सर, इतक्या वर्षांत गाडी किती चालली असेल? सरांनी मला जवळ बोलावून मीटर दाखवला. जुना, मैलांचा. "याची गंमत बघ," ते म्हणाले. "गाडी मागे गेली की हे आकडेही मागे फिरतात. जेवढे पुढे जातो तेवढे परत येतो. ही वडिलांनी आणली त्या दिवशी जो आकडा होता, तोच आहे." आणि हसले. त्यांना ते खरंच गमतीचं वाटत होतं की नाही, मला कळलं नाही.

कॉलेजात सर पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवायचे. बाकी सगळं कॉम्प्युटरवर गेलं होतं. सर मात्र अजून कागदावर, हाताने काढायला लावायचे. मुलं कुरकुरायची. एकदा माझा कागद त्यांनी वर्गासमोर धरला. मी एका भिंतीला अगदी खेटून ब्रॅकेट काढलं होतं आणि कोपऱ्यात बोल्ट.

"हा बोल्ट तू बसवलास. काढणार कसा?"

"पाना लावून, सर."

"लाव. आता फिरव. फिरेल कुठे?"

पाना फिरायला जागाच नव्हती. वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "बसवताना प्रत्येकाला घाई असते. हे पुढे कधी काढावं लागेल, असं त्या वेळी कुणाला वाटत नाही. म्हणून आधीच जागा सोडायची." हे वाक्य ते दर वर्षी म्हणायचे. आमचे सीनियर त्याची नक्कल करायचे, मीही करायचो.

सरांनी लग्न केलं नव्हतं. कोल्हापूरकडच्या एका कॉलेजने त्यांना प्राचार्य म्हणून बोलावलं होतं, असं स्टाफरूमचे शिपाई सांगायचे. मग का गेले नाहीत, तर म्हणे सर म्हणाले, "गाडी आहे ना इथे." ऐकून सगळे हसले होते. एवढ्यासाठी कुणी राहतं का?

खरी गोष्ट मला सुमनकाकूंनी सांगितली. काकू म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्या धुणं धुता धुता माझ्या आईशी बोलायच्या आणि गॅलरीत पुस्तक उघडून बसलेला मी ऐकायचो.

सरांचे वडील एका जुन्या कंपनीच्या टूलरूममध्ये होते. तिथला गोरा साहेब मायदेशी गेला तेव्हा त्याची बंद पडलेली गाडी मागेच राहिली. भंगारात जायच्या आत वडिलांनी ती घरी आणली. दोन्ही मुलं तेव्हा शाळेत होती. संध्याकाळी दोघं त्या गाडीत बसायचे, अण्णा स्टिअरिंगवर आणि सर शेजारी. अण्णा तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचे आणि सर कुठलं गाव आलं ते सांगायचे. वडिलांनी दोघांनाही हाताशी धरून एकेक भाग खोलायला शिकवला. गाडीचे सगळे नट इंचाच्या मापाचे. आपल्याकडचा मिलिमीटरचा पाना लावला तर बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की नटाचे कोपरे खातो. म्हणून वडिलांनी इंची पान्यांची एक मोठी पेटी जमवली होती.

वडील गेल्यावर वाटणी झाली. जागेचे दोन भाग झाले, भांडी झाली, देव झाले. शेवटी गाडी आणि पेटी उरली. वाटणीला मामा बसले होते. ते शेतीवाले. त्यांना दोन वस्तू दिसल्या आणि दोन भाचे. म्हणाले, "एकाला गाडी, एकाला पेटी. भांडण नको." गाडी धाकट्याला आली, पेटी थोरल्याला. कुणीच काही बोललं नाही. पहिल्यांदा बोलणारा हावरा ठरला असता, असं काकू म्हणाल्या.

काही काळाने अण्णांनी वरचा मजला बांधायला घेतला. तेव्हा गाडी खोललेली होती, इंजिन बाहेर, चाकं काढून विटांवर ठेवलेली. अण्णा बोळात उभे राहून म्हणाले, "जिना इकडून घेऊ का? तुझी गाडी काही निघणार आहे का कधी?"

सरांना ते लागलं. ते म्हणाले, "नाही निघणार. घे जिना."

"आमच्या ह्यांनी खरंच विचारलं होतं हो," काकू आईला सांगत होत्या. "टोमणा नव्हता तो. म्हणजे थोडा असेल. पण भाऊजींनी एकदा 'नको' म्हणायचं की नाही? ह्यांनी जिना बसवला, आणि सहा-सात महिन्यांत भाऊजींनी गाडी चालू केली. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. हे म्हणतात, त्यानेच सांगितलं. ते म्हणतात, मीच सांगितलं. दोघांचं एकच म्हणणं आहे, आणि बोलत मात्र नाहीत."

पण रविवारी भिंतीवर पाना यायचा.

हे मी बरेच दिवस बघत होतो. सर गाडी पुढे-मागे करायचे, इंजिन बंद करायचे आणि "थंड होऊ दे" असं स्वतःशीच म्हणून घरात चहाला जायचे. परत यायचे तेव्हा त्या छातीएवढ्या भिंतीवर एक स्टीलची वाटी पालथी घातलेली असायची आणि तिच्याखाली एक पाना. कधी लहान, कधी मोठा, कधी स्क्रू ड्रायव्हर. सर तो घ्यायचे आणि जे काम असेल ते नेमकं त्याच पान्याने व्हायचं. काम झालं की पाना रॉकेलने पुसून परत वाटीखाली ठेवायचे. संध्याकाळी वाटी गेलेली असायची.

मला वाटायचं, काकू चोरून देत असणार. दीर म्हणून माया असेल. पण काकूंना कसं कळायचं, की आज नेमका कुठला पाना लागणार आहे? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

एकदा मी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो असताना इंची पाना दिसला. चांगला, जड. मला फार आनंद झाला. शिक्षकदिनाला कागदात गुंडाळून सरांना दिला आणि म्हणालो, "सर, असे तिथे पुष्कळ मिळतात. अख्खा सेट जमेल." सरांनी तो हातात तोलला, आकडा वाचला, माझ्या पाठीवर हात ठेवला. "छान आहे," म्हणाले. मग तो टेबलाच्या खणात ठेवला. त्यानंतरच्या कुठल्याच रविवारी तो खणातून बाहेर आला नाही. मी जरा हिरमुसलो होतो.

मग काकू लेकीच्या बाळंतपणाला सांगवीला गेल्या. त्या रविवारी सरांनी गाडी चालू केली तेव्हा इंजिनात बारीक टकटक ऐकू येत होती, घड्याळासारखी. सर चहाला गेले. मी गॅलरीत होतो. अण्णा जिन्याच्या वरच्या पायरीवर बनियनवर उभे होते, मान एका बाजूला कलती करून. आवाज बंद झाल्यावरही तसेच थोडा वेळ उभे राहिले. आत गेले, पाना आणि वाटी घेऊन खाली उतरले, वळून मागच्या अंगणात गेले. तेवढ्यात सर कप हातात घेऊन दारात आले. दोघांच्या मध्ये ती भिंतच होती. अण्णा पान्यावर वाटी पालथी घालत होते, त्यांनी मान वर केली नाही. सरांनी लगेच तोंड फिरवलं आणि घराच्या भिंतीकडे बघत चहा पीत राहिले. कप रिकामा झाला तरी तोंडाला लावून उभे होते. अण्णांच्या चपला जिन्यावरून वर गेल्या, दार लागलं, तेव्हा सर वळले.

तो पाना टकटकीचाच होता. दहा-पंधरा मिनिटांत आवाज गेला. सरांनी गाडी पुन्हा चालू केली आणि रिकामीच गुरगुरत ठेवली, वरपर्यंत ऐकू जाईल अशी.

नंतर एकदा औंधहून एक गृहस्थ आले. तरुण, आयटीतले, जुन्या गाड्यांचे शौकीन. गाडी बघून ते गुडघ्यांवरच बसले. "सर, अशी गाडी कोंडून ठेवणं म्हणजे पाप आहे हो. मला द्या. मी रस्त्यावर आणतो."

"निघत नाही ती," सर म्हणाले. "जिना आहे."

"जिना काय, एका सकाळचं काम! कटर आणतो, कापतो, दुसरीकडून नवीन लावून देतो. मी बोलतो ना वर तुमच्या बंधूंशी."

"वर बोलायचं नाही." सरांचा असा आवाज मी वर्गातही ऐकला नव्हता. मग ते हळू म्हणाले, "जिना त्यांचा आहे. आणि मीच सांगितलं होतं, घे म्हणून."

त्या गृहस्थांना यातलं काही कळलं नाही. ते पुन्हा येतो म्हणून गेले. अण्णा वर टॉवेल वाळत घालत होते, त्यांनी अर्धंच ऐकलं असावं. कटर, जिना, गाडी द्या, एवढं.

पुढच्या रविवारी भिंत रिकामी होती. सरांनी चहा घेतला, बाहेर येऊन बघितलं, परत जाऊन दुसरा चहा केला. ते एरवी दुसरा चहा घेत नाहीत. मग शेडमध्ये येऊन उभे राहिले, इंजिनावरचं झाकण उघडं आणि हात मोकळे. त्यांच्या खणात मी दिलेला पाना होता, याची मला फार आठवण होत होती. पण ते खणाकडे गेले नाहीत. झाकण लावलं आणि घरात गेले. त्या आठवड्यात वर्गात त्यांनी कुणाचाच कागद तपासला नाही.

त्यानंतरच्या रविवारी वाटी आली. औंधचे गृहस्थ काही पुन्हा आले नाहीत. सरांनी त्यांना फोनवर नकार कळवला, असं काकूंकडून समजलं. काकूंना कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. त्या घरांत कुणी कुणाशी बोलत नसे, तरी सगळ्यांना सगळं कळायचं.

शिक्षण संपल्यावर मला चाकणला ट्रेनी म्हणून घेतलं. शिफ्टमुळे तिथेच चौघांत एक खोली केली. घरी जाणं सुट्टीपुरतं. एक दिवस आईचा फोन आला, अण्णांबद्दल. सकाळी तोंड धुताना पडले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

"तुझ्या सरांनीच उचललं," आई सांगत होती. "खुर्चीत बसवून, लुगड्यानं बांधून जिन्यावरून खाली आणलं. उलटं उतरायले व्हते, पाय हुकला असता तर दोघं बी गेले असते. ह्यांनी हात लावू म्हणलं तर म्हणाले, न्हाई, मी धरतो."

मी सुट्टी मिळवून गेलो तोवर अण्णांना दवाखान्यातून घरी आणलं होतं. बोळात पाऊल ठेवलं आणि मला क्षणभर चुकीच्या ठिकाणी आलो असं वाटलं. बोळ मोकळा होता. जिना नव्हता. अण्णांना आता वर चढवणं शक्य नव्हतं, म्हणून खालची खोली रिकामी करून घेतली होती. पण तिचं दार बोळात, आणि जिन्यामुळे चाकांची खुर्ची दारातून वळेना. काकूंनी वेल्डर बोलावून जिना कापायला लावला आणि वर जायला रस्त्याकडून नवीन घेतला. कापताना जिन्याचं खालचं टोक सरांनी धरलं होतं.

रविवार होता. सर इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, हॉर्न दिला. गाडी बोळात आली. पुढे लख्ख ऊन होतं, उघडा रस्ता दिसत होता, एक भाजीवाला हातगाडी घेऊन चालला होता. जिथे जिन्याची पायरी असायची तिथे फरशीवर गंजाचे चार डाग होते. गाडी त्या डागांशी आली आणि थांबली. सरांनी मागे वळून बघितलं, हॉर्न दिला, आणि गाडी उलटी आत नेली.

मला राहवलं नाही. ते उतरल्यावर मी म्हणालो, "सर, आता तर वाट मोकळी झाली."

"हो," ते म्हणाले. "झाली."

थोडा वेळ ते फडक्याने हात पुसत राहिले. मग अण्णांच्या खोलीच्या खिडकीकडे हनुवटीने खूण केली. "डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत त्याचे. इथवरचा आवाज त्याला ऐकू येतो. रस्त्यावर गेली की नाही येणार."

काकू खिडकीतून म्हणाल्या, "मी म्हटलं, भाऊजी, आता पेटीच घेऊन जा अख्खी. तर म्हणतात, एकदम नको वहिनी, लागेल तसा द्या. मग मी पेटी यांच्या पलंगावर उघडून ठेवते. डाव्या हाताने दाखवतात."

सर चहाला घरात गेले. मला कंपनीची बस गाठायची होती. बोळाच्या टोकाशी वळून बघितलं तर ते कप घेऊन दारात उभे होते, आणि भिंतीकडे त्यांची पाठ होती. त्यानंतर सरांना मी पाहिलेलं नाही.

परवा आईचा फोन आला. घरचं, वडिलांच्या गुडघ्याचं सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "तुझे सर बी आता म्हातारे झाले बघ. ह्या रविवारी काय केलं म्हाईत हाय का?"

"काय?"

"गाडी लई खडखडायली व्हती. झाकण उघडून ठिवलं. भिंतीवर पाना आला. सरांनी घेतला, लावून बघितला, ह्या नटाला न्हाई, त्या नटाला न्हाई. लई मोठा व्हता म्हणं. सुमनकाकू बोलली, आमच्या ह्यांनीच बोट दाखवलं त्याच्यावर, मी दुसरा देऊ का? सर म्हणाले, नको, हाच पायजे व्हता. अन् निजले की रं गाडीच्या खाली, इस्त्रीच्या शर्टासगट! हुडकत हुडकत कुठं तरी मागच्या चाकापाशी एक नट घावला त्या मापाचा. त्यो चांगला आवळलेला. त्यो सैल केला, परत आवळला. पाना पुसला, वाटीखाली ठिवला. खडखड हाय तशीच. आता तू शिकलेला हायेस, तूच सांग. आवळलेला नट सैल करून परत कामून आवळायचा?"